मदत हवी आहे: १८२८ मध्ये इराणने इंग्रजांशी केलेला सौदा

नमस्कार मंडळी. दुसऱ्या बाजीरावाची शरणागती घेणारा जॉन माल्कम आपल्याला ठाऊक आहे. त्यानेच १८०१ मध्ये इराणच्या फतह अली शाहशी कंपनीचा तह केला होता. तो धागा धरून वाचत गेलो आणि १८१४ च्या तेहरान तहापाशी अडकलो.

युरोपातल्या सत्तेने हल्ला केला तर इंग्रजांनी फौज तरी द्यावी, नाहीतर वर्षाला दोन लाख तोमान (इराणी चलन), असं त्यात ठरलं. पण १८२६ मध्ये रशियाशी युद्ध पेटलं तेव्हा ‘आगळीक इराणची’ म्हणत इंग्रजांनी हात वर केले. पुढे रशियाशी झालेल्या तुर्कमानचायच्या तहात येरेवान-नखचिवान हे प्रांत गेले, वर पन्नास लाख तोमानांची भरपाई बसली. नेमक्या त्या तंगीत इंग्रजांनी एकरकमी दोन लाख तोमान देऊन ती कलमंच रद्द करून घेतली! मला हे फार निर्दय वाटतं.

युवराज अब्बास मिर्झाला घासाघीस करायला खरंच काही जागा होती का? रशियाचं भय दाखवून जास्त मागता आलं असतं? मुंबईच्या पुराभिलेखागारात या काळातला इराणचा पत्रव्यवहार कुणी पाहिला असेल, तर कोणत्या खात्याची दप्तरं मागवावीत ते कृपया सांगा. इराणी बाजूने लिहिलेलं काही वाचलं असेल तर तेही हवंच आहे.