विषय: मिरवणुकीत पोलिसांनी कुणाला थांबवलं तर

प्रेषक: अनघा

नमस्कार मंडळी,
विसर्जन मिरवणुकीच्या स्वयंसेवकांचं सूचनापत्रक छापायला द्यायचंय. गेल्या वर्षीच्या पत्रकात एक वाक्य आहे: "पोलिसांनी आपल्यातल्या कुणाला अडवलं तर लगेच मध्ये जाऊन समजावून सांगा." ते तसंच ठेवू का? विद्याधरकाका, एकदा नजर टाकाल?

प्रेषक: विद्याधर

अनघा, ते वाक्य आजच काढ. इंग्लंड-वेल्समध्ये १९९६च्या पोलीस ॲक्टचं कलम ८९(२) नेमकं तिथेच लागतं. पोलिसाचं काम जाणूनबुजून अवघड केलं की गुन्हा झाला, अंगाला हात लागायचीही गरज नाही. शिक्षा एक महिन्यापर्यंत कैद, १,००० पौंडांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हेतू चांगला होता म्हणून सुटका होत नाही. हिल्स विरुद्ध एलिस (१९८३) हा खटला बघ. फुटबॉल सामन्याहून निघालेल्या माणसाला दिसलं की मारामारीनंतर पोलीस भलत्यालाच पकडतोय. ते सांगायला त्यानं पोलिसाचा कोपर धरला, दुसऱ्या पोलिसानं ताकीद दिली तरी मागे हटला नाही, आणि दोषी ठरला. लुईस विरुद्ध कॉक्समध्ये (१९८५) तर मित्राला कुठे नेताय एवढंच विचारायला एकानं ताकीद मिळाल्यावरही पोलीस व्हॅनचं दार पुन्हा उघडलं. व्हॅन निघू शकली नाही, तोच अडथळा.

कोपर धरणं हल्ल्यातही मोडू शकतं. २०१८च्या आपत्कालीन कर्मचाऱ्यांवरील हल्ल्याच्या कायद्यात कमाल शिक्षा आधी एक वर्ष होती, २०२२पासून दोन वर्षं आहे.

पोलिसाची कृतीच बेकायदा असेल तर ८९ लागत नाही हे खरं. पण त्याचा निवाडा कोर्टात होतो, फुटपाथवर नाही.

प्रेषक: मिलिंद

काका, मग पोलिसांनी विचारलं आणि आपण गप्प राहिलो तर तोही अडथळाच ना? भारतात गावाकडे "सरकारी कामात अडथळा" म्हटलं की सगळ्यांना दंड संहितेचं कलम ३५३च आठवतं.

प्रेषक: विद्याधर

नाही, मिलिंद. ३५३ (आता न्याय संहितेचं १३२) हल्ला किंवा बळाच्या वापरासाठी आहे. ८९(२)ला जवळचं कलम म्हणजे जुनं १८६, आताचं २२१.

गप्प राहण्याबद्दल १९६६चा राइस विरुद्ध कॉनली हा निकाल आहे. ग्रिम्सबीत रात्री घरफोड्या झाल्या होत्या. राइसनं फक्त आडनाव आणि रस्त्याचं नाव सांगितलं, रस्त्यावरच्या पोलीस बॉक्सपर्यंत (पोलिसांच्या छोट्या टपरीवजा चौकीपर्यंत) यायला नकार दिला. अडथळ्याबद्दल झालेली शिक्षा रद्द झाली. पण खोटं नाव सांगणं हा सरळ अडथळा आहे. त्यामुळे "सांगणार नाही" चालेल, थाप चालणार नाही.

नाव द्यावंच लागतं अशा जागा आहेत. मूर्तीच्या व्हॅनचा चालक ही पहिली: गणवेशातल्या पोलिसानं हात केला की थांबायचं, मागितल्यावर नाव, पत्ता, लायसन्स द्यायचं. लायसन्स जवळ नसेल तर सात दिवसांत पोलीस ठाण्यात दाखवता येतं. दुसरी, समाजाला उपद्रव होईल असं वर्तन केल्याचा संशय असेल तर (२००२चा पोलीस रिफॉर्म ॲक्ट, कलम ५०).

साध्या झडतीत नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. पोलिसानं आधी स्वतःचं नाव, ठाणं, कशाचा शोध आणि संशयाचं कारण सांगायला हवं. रस्त्यात लोकांसमोर कोट, जॅकेट, हातमोजे यांपलीकडे काही काढायला लावता येत नाही. झडतीच्या नोंदीची प्रत तीन महिन्यांपर्यंत मागता येते.

आणखी एक, ज्यांचा नागरिकत्वाचा अर्ज व्हायचाय त्यांच्यासाठी. "कॉशन (खटल्याऐवजी मिळणारी औपचारिक ताकीद) घ्या आणि घरी जा" असं ठाण्यात सुचवलं तर सॉलिसिटरशी बोलल्याशिवाय सही करू नका. कॉशन घेणं म्हणजे गुन्ह्याची कबुली, आणि ती अर्जात लिहावी लागते. ठाण्यात वकिलाचा सल्ला मोफत मिळतो, मागावा मात्र लागतो.

अनघा, पत्रकात हे घाल: "दोन हात लांब उभे राहा. दुरून फोनवर चित्रण केलेलं चालेल. मागे सरा म्हटलं की सरा. पोलिसाच्या खांद्यावरचा नंबर टिपा आणि समन्वयकाला फोन करा." स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, ग्लासगोच्या मंडळाला हे पत्रक तसंच पाठवू नकोस.