मदत हवी आहे: शर्मन रणगाड्याचा पट्टा वळताना उतरतो

मंडळी, १:१६ मापाचा आरसी (रिमोटवर चालणारा) शर्मन जमवतोय, आणि ‘जमवतोय’ हाच शब्द खरा. हल (रणगाड्याचं धड) एका मोडक्या खेळण्याचा, स्टीलचा गिअरबॉक्स दुसऱ्याचा, धातूचे पट्टे तिसरीकडून. सरळ झकास चालतो. फरशीवर वळवला की डावा पट्टा कट्कट् करत पुढच्या स्प्रॉकेटवरून (पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकावरून) उड्या मारतो आणि उतरतो.

स्प्रॉकेट प्लास्टिकचं, दात १३, खऱ्यासारखेच. पण भिंगाखाली धरलं तर प्रत्येक दात एकाच बाजूने झिजलाय. मागचं आयडलर (पट्टा ताणून धरणारं मोकळं चाक) सरकवून पट्टा ताणला, तर मोटर तापते. दोष पिचचा (कड्या आणि दात यांच्या अंतराचा) की ताणाचा? धातूचं स्प्रॉकेट बसवून भागेल, की पट्टेच बदलू? खरा शर्मन जागच्या जागी गिरकी घेऊच शकत नसे, तेव्हा तो हट्ट मी सोडायला तयार आहे!

टरेटला (तोफेच्या फिरत्या बुरुजाला) ओतीव पोलादाचा खडबडीतपणा मात्र मस्त आलाय. पुटी थिनरमध्ये पातळ केली आणि जुन्या टूथब्रशने ठोकत बसलो. पट्ट्यांवरचा रंग तेवढा दोन फेऱ्यांत सोलतो. तुम्ही प्रायमर कोणता मारता, की रंगाऐवजी दुसरं काही करता?