लेबलावरचा टक्का बघा

नेहमीची दारू पूर्वीसारखी का लागत नाही, यावर 'ब्रँड तोच असतो, वयाबरोबर आपली जीभ बोथट होते' असं कुणी म्हटलं, ते अर्धंच पटलं. लेबलावरचा अल्कोहोलचा टक्का बघा की राव! ब्रिटनमध्ये गॉर्डन्स जिन १९९२ साली ४० वरून ३७.५ टक्क्यांवर आणली, तिकडे ड्यूटी अल्कोहोलच्या प्रमाणावर लागते, म्हणजे पाणी वाढवलं की तेवढा कर वाचला, आणि मग टॉनिक-बर्फात जुनिपर (जिनला तिची खास चव देणारं फळ) शोधत बसा. मेकर्स मार्क या अमेरिकन व्हिस्कीवाल्यांनीही २०१३ मध्ये ४५ चं ४२ करायचं जाहीर केलं होतं, पण गिऱ्हाइकांनी असा दंगा घातला की आठवड्याभरात माघार.

आपल्याकडे उलटं, बाटलीवर बहुतेक ४२.८ असतं. मेव्हण्याने लंडनहून मिरवत आणलेली ४० वाली स्कॉच आणि तीच इथल्या दुकानातली, दोन्ही शेजारी ठेवून प्यायलो, इथलीच जास्त झणझणीत लागली. मेव्हण्याचा चेहरा बघण्यासारखा होता.