व्यायामात खर्च झालेल्या कॅलरी परत खाव्यात का?

प्रश्न

माझे वय 41 वर्षे, उंची 162 सेंटिमीटर आणि वजन 78 किलो आहे. गेले सात आठवडे मी रोजच्या खाण्याची नोंद एका ॲपमध्ये ठेवत आहे. सुरुवातीला माहिती भरताना मी ‘बैठे काम’ हा पर्याय निवडला आणि ॲपने मला दिवसाला 1400 कॅलरींची मर्यादा ठरवून दिली. आठवड्यातून पाच दिवस मी 50 मिनिटे झपाझप चालते. मनगटावरचे घड्याळ त्याबद्दल सुमारे 390 कॅलरी दाखवते, ॲप तो आकडा लगेच मर्यादेत मिळवते आणि त्या दिवशी मी 1790 कॅलरी खाऊ शकते असे सांगते.

पहिले चार आठवडे मी ते सर्व खाल्ले आणि वजन जेमतेम अर्धा किलो उतरले. पुढचे तीन आठवडे चालण्याचे काहीही परत खाल्ले नाही, तेव्हा एक किलोहून थोडे अधिक उतरले. परंतु संध्याकाळी चिडचिड होते, रात्री भुकेने जाग येते आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी खाण्यावरचा ताबा पूर्ण सुटतो. या दोन्हींपैकी योग्य पद्धत कोणती, की दोन्ही चुकीच्या आहेत?

उत्तर 1

तुमचा 1400 हा आकडा कसा निघाला हे आधी पाहायला हवे, कारण सगळे उत्तर त्यातच दडलेले आहे. 1990 साली प्रसिद्ध झालेले मिफ्लिन–सेंट जिओर सूत्र आजही पुष्कळ ठिकाणी वापरले जाते. त्यानुसार तुमचे शरीर संपूर्ण विश्रांतीत दिवसाला साधारण 1430 कॅलरी खर्च करते. ‘बैठे काम’ निवडल्यावर त्याला 1.2 ने गुणतात, म्हणजे सुमारे 1710 होतात, आणि त्यातून तीनशेच्या आसपास वजा करून ॲपने 1400 दिले असावेत. या हिशेबात तुमचे चालणे कुठेच धरलेले नाही, म्हणून त्यातले काही परत खाणे तत्त्वतः चुकीचे नाही. तुम्ही ‘मध्यम हालचाल’ निवडली असती तर गुणक 1.55 झाला असता, व्यायाम मर्यादेतच मिसळला गेला असता आणि तो पुन्हा खाणे म्हणजे एकच रक्कम दोनदा जमा करणे ठरले असते. याच ठिकाणी बहुतेकांची गल्लत होते, आणि मग ‘परत खावे’ म्हणणारे व ‘खाऊ नये’ म्हणणारे एकमेकांशी व्यर्थ वाद घालत बसतात, कारण दोघांच्या मूळ आकड्यांचा अर्थच वेगळा असतो.

आता 390 कडे वळू. ताशी साडेपाच किलोमीटरच्या चालीला विश्रांतीच्या साधारण 4.3 पट ऊर्जा लागते असे धरले जाते. विश्रांतीत दर किलो वजनामागे ताशी सुमारे एक कॅलरी लागते, म्हणजे तुमच्या 50 मिनिटांचे एकूण 280 होतात. परंतु त्यांतल्या 65 कॅलरी तुम्ही त्या वेळात खुर्चीत बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या, आणि त्या 1710 मध्ये आधीच मोजलेल्या आहेत. चालण्यामुळे झालेला खरा जादा खर्च 215 च्या आसपास राहतो. घड्याळाने तो जवळपास दुप्पट दाखवला, याचे मला आश्चर्य वाटत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2017 साली मनगटावरची सात उपकरणे तपासली, तेव्हा हृदयाचे ठोके बहुतेकांनी चांगले मोजले. मात्र कॅलरींच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणसुद्धा सरासरी 27 टक्के चुकले.

म्हणून माझे मत असे, की घड्याळ दाखवेल त्याच्या निम्मेच परत खावे.

उत्तर 2

वरील गणित मला मान्य आहे, तरीही व्यायामाच्या दिवशी वेगळे खाण्याची पद्धत मी सुचवणार नाही. एकदा चालणे ही खाण्याची परवानगी मिळवण्याची गोष्ट झाली, की माणूस घड्याळाकडे पाहत चालू लागतो आणि पाऊस किंवा आजारपणामुळे चालणे चुकले की त्याला जेवतानाही अपराधी वाटू लागते. त्याऐवजी आठवड्याचा हिशेब एकदाच करावा. 215 चे पाच दिवस म्हणजे 1075, ते सात दिवसांत वाटले तर रोजचे सुमारे 150 येतात. तेव्हा चाललात किंवा नाही, रोज 1550 खा आणि ॲपमधील व्यायाम आपोआप मिळवण्याची सोय बंद करा.

दुसरे असे, की चूक केवळ घड्याळच करते असे नाही. कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या व्यक्तींचा एक अभ्यास 1992 साली प्रसिद्ध झाला होता. त्यांनी आपले खाणे प्रत्यक्षाहून सरासरी 47 टक्के कमी नोंदवले होते आणि हालचाल 51 टक्के जास्त. तो गट लहान होता आणि ती माणसे खोटे बोलत होती असेही मी म्हणणार नाही. अंदाजाने वाढून घेतलेले, चव पाहताना खाल्लेले, उभ्या उभ्या तोंडात टाकलेले आपल्या कोणाच्याच लक्षात राहत नाही. तुमच्या पहिल्या चार आठवड्यांत घड्याळाच्या चुकीबरोबर असे काही घडले होते का, हे एकदा तपासून पाहावे.

उत्तर 3

येथे चाललेली चर्चा मध्यम व्यायाम करणाऱ्यांपुरती योग्य आहे, पण ती वाचून लांब पल्ल्याचे धावणारे कोणी ‘काहीच परत खाऊ नये’ असा निष्कर्ष काढू नये, एवढ्यासाठी लिहीत आहे. धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते. माझे वजन तेव्हा 60 किलो होते आणि रविवारी मी 18 किलोमीटर धावत असे, म्हणजे एका सकाळीच हजाराहून अधिक. वजन आणखी दोन किलो उतरवायचे म्हणून मी रोज 1600 वरच राहिले. चार महिन्यांत पाळी थांबली आणि त्यानंतर नडगीच्या हाडाला ताणामुळे बारीक चीर गेली. डॉक्टरांनी समजावले, की व्यायामाचा खर्च वजा केल्यावर उरणारी ऊर्जा चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 30 कॅलरींच्या खाली दीर्घकाळ राहिली, तर शरीर हाडे आणि संप्रेरके यांवरचा खर्च कापू लागते. माझ्या बाबतीत तो आकडा विशीत होता. मला त्या काळात भूकही फारशी जाणवत नव्हती, म्हणून भुकेच्या भरवशावर राहू नये असे मी कळकळीने सांगते.

मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर व्यायाम आणि खाणे यांचा मेळ डॉक्टरांना विचारूनच घालावा. त्यांच्यासाठी तो वजनाचा नाही, रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचा प्रश्न आहे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. नोंदी पुन्हा पाहिल्या, तेव्हा सुट्टीच्या दिवशीच्या बऱ्याच नोंदी मी रात्री आठवून भरल्या होत्या हे लक्षात आले. रोज 1550 ही पद्धत मला झेपण्यासारखी वाटते. मात्र ती लागू पडते आहे की नाही, हे किती दिवसांनी ठरवावे? माझे वजन एका दिवसात एक किलोने वरखाली होते.

उत्तर 1

तो बदल बहुतांशी पाण्याचा आणि पोटातील अन्नाचा असतो. रोज सकाळी एकाच वेळी वजन करा, पण तुलना आठवड्याच्या सरासरीचीच करा, आणि मासिक पाळीच्या आधी पाणी साठत असल्यामुळे किमान चार आठवडे थांबा. एक किलो चरबीमागे साधारण 7700 कॅलरी धरतात. त्या मानाने 1550 वर आठवड्याला अडीचशे ते तीनशे ग्रॅमची उतरण दिसायला हवी. ती दिसली आणि रात्रीची झोप परत आली, तर आकड्याला हात लावू नका. सरासरी जागची हलली नाही, तर 100 कमी करण्यापूर्वी एक आठवडा सर्व खाणे वजनकाट्यावर मोजून नोंदवा.