मदत हवी आहे: ॲडव्हान्स परत मिळवायचाय, अर्जंट

कृष्णाकाठ:
मुलासाठी पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात ॲडव्हान्स भरलाय. आता करायचं नाही असं घरात ठरलंय. ते म्हणतात फॉर्मवर सही आहे, पैसे परत मिळणार नाहीत. गुरुवारची तारीख आहे. ग्राहक न्यायालयात जाता येईल का, एवढंच सांगा. "आधी विचार करायचा होता" वगैरे नको, ते घरी रोज ऐकतोय.

नाना_वकील:
कशासाठी? किती भरले? सही कशावर केली? यातलं काहीच न सांगता न्यायालयाचं काय सांगणार, कपाळ?

कृष्णाकाठ:
स्टेम सेल. ऐंशी हजार. पावती आहे.

हळदीकुंकू:
आम्हीपण भाचीच्या वेळी नाळेचं रक्त ठेवलंय, वर्षाला पैसे भरतो. बंद करायचं असेल तर मेल करा, लगेच करतात.

बालरोगवाला:
हळदीकुंकू, ते बँकिंगचं विचारत नाहीयेत. (आणि खाजगी बँकेत नाळेचं रक्त साठवा असं सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, सांगत नाही, पण तो वेगळा धागा.) कृष्णाकाठ, आजार कोणता? थॅलेसेमिया किंवा रक्ताचा कर्करोग असेल तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट हा मान्य उपचार आहे. इथलं वाचून घाबरून रद्द करू नका.

कृष्णाकाठ:
ऑटिझम. साडेचार वर्षांचा आहे. कमरेच्या हाडातून काढायचं आणि मणक्यातून सोडायचं, भूल देऊन.

बालरोगवाला:
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या वगैरे मोजक्या आजारांचं ट्रान्सप्लांट सोडलं, तर स्टेम सेल फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच, म्हणजे संशोधनाच्या चाचणीतच, देता येतात. ऑटिझमसाठी तर स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, असं नॅशनल मेडिकल कमिशनच्या समितीनं २०२२मध्ये सांगितलंय. ट्रायल असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी लागते, एथिक्स कमिटीची मंजुरी लागते आणि संशोधनाचा खर्च पेशंटच्या माथी मारता येत नाही. म्हणजे पैसे घेतायत तर ही ट्रायल नाही, आणि ट्रायल नसेल तर करायलाच नको. त्यांच्याकडे सीटीआरआय क्रमांक मागा.

मिरज_मेल:
सगळं कागदावरचं. आमच्या मुलीला केलं, आता नजर देते, हाक मारली की वळते. तुम्हा डॉक्टरांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही.

बालरोगवाला:
तेव्हा स्पीच थेरपी चालू होती?

मिरज_मेल:
आठवड्यातून तीनदा. मग?

बालरोगवाला:
मग गुण कशाचा, हे कसं ठरवलंत? या वयात मुलं तशीही वाढत असतात.

मिरज_मेल:
आईला कळतं. आणि स्वतःच्याच पेशी आहेत, त्याला कसली परवानगी? रक्त काढून परत दिल्यासारखंच आहे.

टवाळ_टिकोजी:
हीच ती पळवाट. २०१९च्या नियमांत 'स्टेम सेलपासून बनवलेलं उत्पादन' नवं औषध धरलंय. हॉस्पिटलं म्हणतात, आम्ही पेशींवर फारशी प्रक्रियाच करत नाही, मग औषध कुठलं? पण हाडातल्या पेशी मणक्यात सोडल्यावर 'काहीच केलं नाही' कसं म्हणणार?

गव्हाशिवाय:
गहू आणि दूध बंद करा, तीन महिन्यांत फरक बघा. माझ्या नणंदेच्या मुलाला

बालरोगवाला:
कृपया नको. साडेचार वर्षांच्या मुलाचं दूध बंद करायला सांगण्याआधी त्याचं वजन तरी विचारा.

नाना_वकील:
मूळ प्रश्नाकडे येऊ. सही केलेल्या फॉर्मवर नेमकं काय आहे?

कृष्णाकाठ:
इंग्रजीत आहे, तीन पानं. वर 'सेल्युलर थेरपी पॅकेज', खाली निकालाची हमी नाही असं. ट्रायल हा शब्द कुठेच नाही. पावतीवर 'नॉन-रिफंडेबल' शिक्का, तोही अर्धवट उमटलाय. सही बायकोने केली, मी पार्किंगमध्ये होतो.

नाना_वकील:
पैसे घेऊन दिलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५मध्येच सांगितलंय. २००८च्या निकालात संमतीबद्दल आहे: धोके, पर्याय नीट समजावून घेतलेली संमतीच खरी. नुसत्या शिक्क्यानं सगळं संपत नाही, पण हमखास मिळतील असंही मी म्हणणार नाही. आजच मेल टाका: उपचार नको, संमती मागे घेतली, पैसे परत करा, सीटीआरआय क्रमांक आणि एथिक्स कमिटीचं पत्र द्या. रेकॉर्ड वेगळं मागा, मागितल्यापासून ७२ तासांत द्यावं लागतं. दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे तुम्ही म्हणताय ते ग्राहक न्यायालय. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येईल, पण तिथून पैसे मिळत नाहीत.

हळदीकुंकू:
आमच्या नाळेच्या रक्ताचे भरलेले पैसे पण मिळतील का मग?

सखूबाई_सातारा:
कृष्णाकाठ, जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांच्या सरकारी थेरपी केंद्रात, थेरपी मोफत असते. रांग मोठी, जागा लहान, पण आमची थेरपीवाली ताई चांगली होती. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलंत का? अपंगांसाठीच्या सरकारी निरामय आरोग्य विम्यात थेरपीचा खर्चही बसतो.

कृष्णाकाठ:
प्रमाणपत्र नाही काढलं, आईला आवडत नाही. मेल टाकला. लगेच फोन आला, म्हणतात पैशांऐवजी त्यांच्याकडेच ऑक्युपेशनल थेरपीत ॲडजस्ट करू. आणि एक, ऐंशी हजार मी रोख भरले नव्हते. त्यांच्याच काउंटरवर फायनान्सवाला बसतो, हप्ते आहेत.

नाना_वकील:
हे आता सांगताय! हप्ता थांबवू नका, तुमचा सिबिल जाईल. फायनान्स कंपनीलाही तोच मेल पाठवा, कर्जाचा करारनामा मागवा, आणि रक्कम हॉस्पिटलला गेली की अजून त्यांच्याकडेच आहे ते विचारा. ॲडजस्टचं जे काय बोलले ते लेखी द्या म्हणावं. फोनवर हो म्हणू नका.

मिरज_मेल:
त्यांची ऑक्युपेशनल थेरपी चांगली आहे पण, आमची तिथेच होती.