माँटेक्रिस्टो नं. ४, परत एकदा
माँटेक्रिस्टो नं. ४ ही क्युबन सिगार पूर्वीसारखी राहिली नाही अशी तक्रार ऐकू येते, मीही हेच म्हणत पाच-सहा वर्षं तिला हात लावला नव्हता, रोबुस्टो नावाच्या आखूड, जाडजूड सिगारींच्या नादी लागलो होतो. परवा ह्युमिडॉर (सिगारी ओलसर ठेवायची पेटी) आवरताना तळाशी २०१६ च्या बॉक्समधल्या तीन सापडल्या. जाडी ४२ रिंग गेज, लांबी १२९ मिमी, छोटीशीच. टोक कापून नुसतीच ओढून बघितली, ड्रॉ, म्हणजे ओढ, एकदम मोकळा, आणि पेटवल्यावर पहिल्या इंचातच तो कोको नि ओल्या लाकडाचा वास, अरे हीच की ती! ताजी असताना शेवटी जीभ चरचरायची, ते पार गेलंय. त्यामुळे बॉक्सखालचा महिना-वर्षाचा शिक्का बघून घ्या आणि ६५ टक्के ह्युमिडिटीत ठेवून चक्क विसरून जा. फक्त घाईघाईत झुरके मारू नका, बारीक असल्याने लगेच तापते आणि कडवट होते. मी बोटं भाजेपर्यंत ओढली, ते सोडा.