उद्यानाचं आरक्षण वगळण्याची नोटीस निघाली आहे, महिनाभरात काय करता येईल?

गुलमोहोर
नगरपालिका हद्दीतली बाग, साधारण ६,२०० चौरस मीटर. विकास योजनेत 'उद्यान' असं आरक्षण आहे. कुंपण, खेळणी, बोअर सगळं पालिकेनेच केलेलं, माळीही पालिकेचा. आता महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली नोटीस आली आहे की आरक्षण वगळून जागा निवासी विभागात घ्यायची. सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाचंच नाव आहे. सह्यांची मोहीम सुरू केली आहे. तेवढं पुरेल का? आणि माहिती अधिकारात कागद मिळाल्यावर हरकत द्यावी की आधीच?

नकाशावाचक
हरकत आधी. माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवस आणि हरकतीलाही महिनाच, म्हणजे कागद येईपर्यंत मुदत संपलेली. अर्ज टाकून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. प्रस्ताव आणि नकाशा कुठे पाहायला ठेवलाय ते नोटिशीतच छापलेलं असतं. तिथे जाऊन आरक्षण क्रमांक, सर्व्हे नंबर आणि क्षेत्र मंजूर भाग नकाशाशी ताडून बघा. हिस्सा नंबर चुकणं, क्षेत्रात फरक पडणं हे नेहमीचं आहे, आणि सापडलं तर तोच हरकतीचा पहिला मुद्दा. महिना राजपत्रापासून मोजायचा की वर्तमानपत्रातल्या नोटिशीपासून, यावर वाद घालत बसू नका. जी तारीख आधीची ती धरा.

सह्यांचं म्हणाल तर हजार सह्यांचा एक अर्ज आवक नोंदवहीत बहुतेक वेळा एकच हरकत म्हणून चढतो आणि सुनावणीला एकालाच बोलावतात. त्यापेक्षा तीस-चाळीस जणांनी आपापल्या नावाने, वेगवेगळे मुद्दे घेऊन हरकती द्याव्यात. एकच मजकूर झेरॉक्स करून दिला तर अहवालात 'समान आशयाच्या हरकती' म्हणून एका ओळीत गुंडाळतात. प्रत्येक अर्जात घराचा पत्ता, बागेपासूनचं अंतर आणि 'मी बाधित आहे, मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी' हे वाक्य हवंच. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नुसत्या ईमेलवर भागवू नका.

मजकुरात 'ही बाग आमचा श्वास आहे' वगैरे नको. हिशोब मांडा. केंद्राच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर खुली जागा धरली आहे. परिसराची लोकसंख्या ८,००० असेल तर किमान ८०,००० चौरस मीटर हवेत. प्रत्यक्षात किती आहेत, त्यातली ही बाग गेल्यावर किती उरतील, हे नकाशावर रंगवून जोडा. दुसरा मुद्दा कायद्याचा: कलम ३७ खालचा फेरबदल योजनेचं मूळ स्वरूप बदलणारा नसावा लागतो. तिसरा, पर्यायी जागा दाखवली आहे का? दाखवली असेल तर तिथे जाऊन या. बऱ्याचदा ती नाल्याच्या पूररेषेत असते, नाहीतर तिला पोचरस्ताच नसतो.

सातबारा_उतारा
वरचं सगळं बरोबर, पण पालिका स्वतः सांभाळत असलेली बाग सोडायला का निघाली? त्याचं उत्तर सातबाऱ्यात आहे. तीन शक्यता तपासा.

एक, जागा मोबदला देऊन किंवा टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन आधीच ताब्यात आली आहे आणि फेरफार मात्र कुणी घातलाच नाही. असं सर्रास होतं. विकास हक्क प्रमाणपत्रांची नोंदवही आणि ताबा पावती मागा. प्रमाणपत्र दिलेलं निघालं तर मालकाने मोबदला घेतलाय, प्रस्तावाचा पायाच गेला.

दोन, ही मुळात एखाद्या जुन्या अभिन्यासातली (लेआउटमधली) खुली जागा आहे. तिच्यावर भूखंडधारकांचा सामाईक हक्क असतो, सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असो. मंजूर अभिन्यासाची प्रमाणित प्रत काढा. मधल्या काळात 'सुधारित अभिन्यास' गुपचूप मंजूर करून घेतला आहे का तेही बघा.

तीन, आणि हीच शक्यता जास्त: आरक्षण आहे, संपादन झालेलंच नाही, आणि मालकाने कलम १२७ ची खरेदी सूचना ('जागा विकत घ्या, नाहीतर आरक्षण सोडा' अशी नोटीस) दिली आहे.

गुलमोहोर
तिसरंच निघालं. खरेदी सूचना आठ महिन्यांपूर्वी दिलेली आहे. टीडीआरची नोंद कुठेच नाही.

सातबारा_उतारा
मग हरकत ही अर्धीच लढाई. अंतिम विकास योजना अमलात येऊन १० वर्षं झाल्यावर मालक अशी सूचना देऊ शकतो, आणि ती बजावल्यापासून २४ महिन्यांत संपादन किंवा संपादनाची पावलं झाली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. ३७ चा प्रस्ताव तुम्ही पाडलात आणि पालिका नुसती बसून राहिली, तरी बाग जाईल. तुमच्याकडे सोळा महिने आहेत.

आधी सूचनाच तपासा. १० वर्षं खरंच भरली होती का? सोबत मालकीचे कागद जोडलेत का? सगळ्या सहधारकांच्या वतीने दिली आहे का?

ती वैध असेल तर सर्वसाधारण सभेत संपादनाचा ठराव आणि अंदाजपत्रकात तरतूद यासाठी नगरसेवकांच्या मागे लागा. इथे एक सापळा आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे नुसता प्रस्ताव पाठवला म्हणजे पाऊल उचललं असं होत नाही. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हेच सांगितलं. कलम १२६ खालची संपादनाची घोषणा त्या मुदतीत निघायला हवी. पत्रव्यवहारात दोन वर्षं घालवून आरक्षणं गमावणाऱ्या पालिका कमी नाहीत. रोख मोबदला झेपत नसेल तर टीडीआर. मुंबईबाहेर दाट वस्तीच्या हद्दीपलीकडे तो साधारण जमिनीच्या दुप्पट मिळतो, म्हणजे तुमच्या बागेला १२,४०० चौरस मीटरच्या आसपास. मात्र तो मालकाच्या संमतीनेच देता येतो, त्यामुळे बाजारात टीडीआरला भाव आहे का ते आधी विचारा.

पारावरचा
कोर्टाबद्दल थोडं. बंगळूरच्या राजमहल विलास विस्तारातली उद्यानाची जागा खासगी नर्सिंग होमला देण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हाणून पाडला, आणि रहिवाशांना दाद मागायचा अधिकार आहे हेही मान्य केलं. हरकतीत हा निकाल (बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा) नक्की घाला. फक्त तिथली जागा सार्वजनिक होती. तुमची अजून खासगी नावावर आहे, हा फरक समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत काढेल.

आणि बागेत अतिक्रमण होऊ देऊ नका. मुंबईच्या 'विकास योजना २०३४' च्या नियमावलीत झोपडपट्टीने व्यापलेल्या, ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आरक्षित मोकळ्या जागांवर पुनर्वसनाच्या इमारती बांधून किमान ३५ टक्के जागा मोकळी ठेवायची मुभा आहे, आणि जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती तरतूद कायम ठेवली. ती तुमच्या पालिकेला लागू नाही. पण कोपऱ्यात एक शेड, मग टपरी, मग 'तात्पुरतं' कार्यालय असं होत गेलं की 'जागा प्रत्यक्षात उद्यान राहिलेलीच नाही' असा अहवाल तयार होतो. दर महिन्याला तारीख आणि ठिकाण उमटलेले फोटो चारही कोपऱ्यांतून काढून ठेवा. झाडांचीही यादी करा: जात, आणि जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर. ५० वर्षांवरची झाडं कायद्याने वारसा वृक्ष ठरतात. झाडांच्या जोरावर आरक्षण वाचत नाही, बांधकाम परवानगी मात्र अडते.

नकाशावाचक
सुनावणीला मुद्द्यांची लेखी प्रत घेऊन जा आणि इतिवृत्तात नोंद झाली का ते पाहा. प्रस्ताव पुढे शासनाकडे जातो, तिथे नगररचना संचालकांचं मत घेतात. तेव्हा हरकतीची एक प्रत आवक क्रमांकासह संचालकांच्या कार्यालयात आणि एक नगरविकास विभागात आत्ताच देऊन ठेवा. पालिकेचा अहवाल तिथे पोचेल तेव्हा तुमच्या हरकती त्याला जोडलेल्या असतीलच, असं धरून चालू नका.